आजीची हाक, दोन वाटांनी : वीजवायर आणि बिनतारी जोडणीच्या प्रकल्प नोंदी

९ जून २०२४, रविवार

वडगावला मामाच्या घरी आजी न्हाणीच्या उंबऱ्यात घसरून पडली, त्याला आज पंधरा दिवस झाले. हाड मोडलं नाही. पण वीस मिनिटं ती तिथंच बसून हाका मारत होती आणि मामा-मामी मागच्या शेडमध्ये मागावर होते. चार यंत्रमाग एकदम सुरू असले की शेजारच्या माणसाशीही खुणांनी बोलावं लागतं. धोट्याच्या खटखटाटात मध्ये तीन भिंती टाकून आलेली म्हाताऱ्या माणसाची हाक कुणाला ऐकू येणार? मामी अजून तेच तेच सांगते, "आमच्या कानावर आलंच न्हाई रे बाळा." मला ते ऐकवत नाही.

म्हणून हे काम हातात घेतलं. मी दिवसा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत पॅनेल वायरिंग करतो, त्यामुळे वेळ संध्याकाळचा आणि रविवारचा. हवंय एवढंच : आजीने बटण दाबलं की शेडमध्ये मोठा लाल दिवा लुकलुकावा आणि तो लागला हे आजीला कळावं. फोन तिला जमत नाही, दिसत नाही.

सरळ बेलची वायर का नाही? तीही ओढून झाली. माळ्यावरून नेलेली वायर महिन्याभरात उंदरांनी कुरतडली, आणि ती तुटली आहे हे आजी पडली त्या दिवशी कळलं. दुसरं कारण म्हणजे आजी एका जागी बसत नाही. सकाळी कट्ट्यावर, दुपारी माजघरात, रात्री पुढच्या खोलीत. बटण तिच्यामागे फिरायला हवं.

१२ जून, बुधवार

आधी फक्त बिनतारी. दोन ईएसपी३२, म्हणजे रेडिओ असलेले छोटे कंट्रोलर बोर्ड, ईएसपी-नाऊ या पद्धतीने थेट एकमेकांशी बोलणारे, मध्ये राउटर नाही. चाचणीसाठी मुद्दाम सगळ्यांना उद्देशून पाठवायचा प्रकार घेतला. एकालाच पाठवलं की चिप पोच येईपर्यंत आपणहून पुन्हा पाठवते आणि खरी गळती झाकली जाते.

माजघरापासून शेडच्या दारापर्यंत मोजून अठरा मीटर. मोकळ्या मैदानात हे काहीच नाही. इथे मात्र दोन फूट जाडीच्या मातीच्या भिंती आहेत, आणि पुढे शेडचा पत्रा. दार उघडं असताना हजारात ३१ संदेश गळाले. पत्र्याचं दार ओढून घेतलं, २१४. पाऊस सुरू झाला की मामा दार ओढूनच घेतो, सूत दमट होतं म्हणून. म्हणजे पावसाळाभर दार बंदच.

कामावरचा एक मित्र म्हणाला, ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा रेडिओ घे, परवाना लागत नाही आणि भिंतीतून बरं जातं. खरं आहे. पण वाट एकच राहते. ती बंद पडली की पुन्हा आजी एकटीच. मला एक चांगली वाट नको, दोन वेगळ्या हव्यात, वेगवेगळ्या कारणांनी बिघडणाऱ्या. दुसरी वाट भिंतीतून आधीच गेलेली आहे : घराची वीजवायर.

१६ जून, रविवार

एसटी७५४० मोडेम बसवलेला बोर्ड आला. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या वायरीवर तो १३२.५ किलोहर्ट्झचा बारीक सूर चढवतो आणि वारंवारता किंचित खालीवर करून बिट, म्हणजे शून्य किंवा एक, पाठवतो. वेग सेकंदाला ४८०० बिट. सिनेमा बघायला निरुपयोगी, पण आजीच्या हाकेला भरपूर. घरातल्या उपकरणांसाठीचा हा पट्टा युरोपात ईएन ५००६५ या मानकाने बांधून दिला आहे. शिस्त अशी की आधी ऐकायचं, कुणी बोलत नसेल तरच बोलायचं, आणि वायर अडवून बसायचं नाही. घरात माझ्याशिवाय या पट्ट्यात कुणी बोलत नाही, तरी शिस्त पाळली. उद्या शेजाऱ्याने काही लावलं तर?

जोडणी लिहून ठेवतो. फेजमधून फ्यूज, मग ०.२२ मायक्रोफॅरॅडचा एक्स२ दर्जाचा (थेट मेन विजेवर लावायला बनवलेला) कपॅसिटर, मग एकास एक ट्रान्सफॉर्मर, आणि त्याच्या पलीकडे मोडेम. कपॅसिटरला समांतर १ मेगाओहमचा रेझिस्टर, म्हणजे प्लग काढल्यावर पिनांवर चार्ज राहत नाही, सेकंदाभरात उतरतो. ५० हर्ट्झला हा कपॅसिटर साडेचौदा हजार ओहमचा अडसर असतो आणि १३२.५ किलोहर्ट्झला जेमतेम साडेपाच ओहमचा. वीज अडते, सूर जातो.

साध्या पॉलिस्टरच्या कपॅसिटरवर हे करू नये. एक्स२ खराब झाला तर सहसा उघडा पडतो, म्हणजे वीज थांबते; साधा चिकटून बसतो, म्हणजे वीज थेट आत येते. आजीच्या हातात येणारं बटण मेन विजेपासून पूर्ण विलग केलेल्या बाजूला आहे, त्यावर ३.३ व्होल्टपेक्षा जास्त काही नाही. बॉक्स बंद करण्याआधी मेगर (वीज कुठे झिरपते का ते पाहायचं यंत्र) लावून दोनदा तपासलं.

एक अडचण आधीच दिसत होती. मागांचं कनेक्शन तीन फेजचं आणि मीटर वेगळा, घराचा मीटर वेगळा. दोन मीटरांच्या वायरी कुठेही जोडायच्या नाहीत, आणि सूर एका मीटरमधून बाहेर पडून खांबापर्यंत जाऊन दुसऱ्यातून परत येईल या भरवशावरही राहायचं नाही. नशिबाने शेडच्या दाराबाहेरचा अंगणातला दिवा घराच्या मीटरवर आहे. ऐकणारा बोर्ड त्या दिव्याच्या पेटीत ठेवला, आणि तिथून १२ व्होल्टची दोन तारांची वायर भिंतीतून शेडमधल्या लाल दिव्याला. ही तेवढी दीड मीटर वायर पाइपात घातली आहे.

२२ जून, शनिवार

काल रात्री वायरीवरून सगळं छान चाललं होतं. आज सकाळी एकही संदेश नाही. दोन तास बोर्ड उलगडत बसलो. शेवटी मामीने टीव्ही बंद करून भिंतीवरचं बटण बंद केलं आणि संदेश धडाधड यायला लागले.

टीव्हीच्या मागे स्पाइकगार्डची पट्टी होती. तिच्या आत फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये कपॅसिटर असतो, गोंगाट गिळायला. माझा सूर हा त्याच्या लेखी गोंगाटच. माझ्या कपॅसिटरचा साडेपाच ओहमचा हिशोब तिथेही लागू आहे, फक्त इथे तो वायरीच्या दोन्ही तारांमध्ये आडवा बसलेला. सूर अंगणापर्यंत पोचायच्या आधीच टीव्हीमागे जिरत होता.

उपाय : पट्टीच्या आधी फेजमध्ये १०० मायक्रोहेन्रीची, पाच अँपिअर झेपेल अशी चोक, म्हणजे तारेचं वेटोळं. १३२.५ किलोहर्ट्झला ती ८३ ओहम, आणि ५० हर्ट्झला ओहमच्या शंभराव्या भागात मोजण्याइतकी. टीव्हीला फरक पडत नाही, सुराला मात्र ती खाई दिसेनाशी होते. मग घरभर फिरून अशी किती पोटं आहेत ते पाहिलं. मिक्सर, फोनचे चार्जर, मामाच्या मुलीचा लॅपटॉप. चार्जर लहान आहेत. लॅपटॉपच्या सॉकेटला दुसरी चोक.

वायर दिसायला एकच, पण दिवसातून दहा वेळा ती वेगळी होते, कोण काय लावतं त्याप्रमाणे. हवेचं तसं नाही. हवा दारावर आणि माणसांच्या येण्याजाण्यावर बदलते. दोघांच्या तऱ्हा वेगळ्या, म्हणून तर जोडी जमायला हवी.

३० जून, रविवार

आज गोंगाट मोजला. मित्राकडून ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा आलेख पडद्यावर दाखवणारं यंत्र) आणला, विलग प्रोबसकट.

माजघरातल्या पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर हा खरा त्रास. आतला ट्रायॅक, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, दर अर्ध्या आवर्तनात एकदा उघडतो, म्हणजे दर १० मिलिसेकंदांनी एक टोचणी. पडद्यावर अगदी नियमाने उभी राहते. दर टोचणीला माझे दोन-तीन बिट मरतात. १० मिलिसेकंदांत माझे ४८ बिट जातात, म्हणजे अठ्ठेचाळिसातले दोन-तीन, पण सलग.

जुन्या काळी, १९७५ सालापासून, वीजवायरीवरून घरातली उपकरणं चालवायच्या एक्स१० पद्धतीत यावर सोपा तोडगा होता : व्होल्टेज शून्यातून जातं त्या क्षणीच बिट पाठवायचा, कारण तेव्हा वायर बहुधा शांत असते. पण मग बिट फार हळू जातात. मी दुसरं केलं. संदेश सात बाइटचा, म्हणजे चार-चार बिटांचे १४ तुकडे. प्रत्येक तुकडा हॅमिंग पद्धतीने सात बिटांचा केला, की त्यातला एक बिट चुकला तरी दुरुस्त करता येतो. असे सात तुकडे एकाखाली एक लिहून सात बाय सातचा चौकोन केला आणि ओळीने न पाठवता उभ्या रकान्यांनी पाठवला. सलग तीन बिट मेले तरी ते तीन वेगवेगळ्या तुकड्यांतले निघतात, प्रत्येकात एकच, आणि तिन्ही दुरुस्त होतात. असे दोन चौकोन, ९८ बिट, वीस मिलिसेकंदांत संपतं.

हे मामाला समजावताना सोपं गेलं. ताण्याचे सलग चार धागे तुटले तर कापडात भोक दिसतं, तेच चार धागे लांब लांब तुटले तर रफू होतं. तो म्हणाला, "मग असं सांग की."

पंखा चालू, रेग्युलेटर दोनवर, हजारात आधी ३४० गळत होते. आता ५२.

७ जुलै, रविवार

आता दोन वाटा एकत्र कशा करायच्या.

एक रीत अशी की दोन्हींपैकी जी बरी चालते ती निवडायची आणि बिघडली की दुसरीवर जायचं. २०१३ सालचं आयट्रिपलई १९०५.१ मानक साधारण याच कामाचं आहे : इथरनेट, वाय-फाय, वीजवायर, कोॲक्स (टीव्हीची केबल) या सगळ्यांवर एक पातळ थर टाकतं, वरच्या सॉफ्टवेअरला घरात एकच जाळं दिसतं, आणि कुठली वाट घ्यायची ते त्या थराने सांगितलेल्या माहितीवर ठरतं. सतत व्हिडिओ वाहणार असेल तर हे योग्य. माझा संदेश मात्र दिवसातून चार वेळा येणार. कुठली वाट बरी आहे हे कळायला आधी काहीतरी गळावं लागेल, आणि ते गळालेलं आजीची हाकच असेल. नको.

दुसरी रीत : घेणाऱ्याकडे दोन्हींकडून आलेले अर्धवट बिट, प्रत्येकाचा भरवसा किती ते बघून, बेरीज करायचे. सिद्धांतात सगळ्यात सरस. पण ईएसपी-नाऊ मला बिटांचा भरवसा देत नाही, अख्खं पॅकेट देतं किंवा काहीच देत नाही.

तिसरी, मी घेतलेली : दर वेळी दोन्ही वाटांनी एकच संदेश पाठवायचा, त्यावर क्रमांक. घेणारा पहिला येईल तो धरतो, त्याच क्रमांकाचा दुसरा टाकतो. पोचही दोन्ही वाटांनी परत. संदेश इतका लहान आहे की दुप्पट खर्च कुणाला जाणवणारही नाही.

१४ जुलै, रविवार

सकाळी ६ ते दुपारी २:२०, दर १५ सेकंदांनी एक, असे २००० संदेश. पुन्हा पाठवणं बंद ठेवून. दार बंद, पंखा चालू, माग चालू.

हवेतून गळाले १६४. वायरीतून ११८. दोन वाटा एकमेकींशी खरंच संबंध नसलेल्या असतील तर दोन्हींतून एकाच वेळी गळालेले १६४ गुणिले ११८ भागिले २०००, म्हणजे दहाच्या आत यायला हवेत. आले ३७.

मी ताट बाजूला सारून परत मोजले. ३७च. मामी म्हणाली, दोन हजारात सदतीस म्हणजे चांगलंच की. पण मला तो आकडा टोचतोय. जवळजवळ चौपट. दोन वाटांच्या खाली कुठेतरी एकच काहीतरी आहे.

१८ जुलै, गुरुवार

सापडलं. आज कामावरून येऊन ३७ संदेशांच्या वेळा कागदावर मांडल्या. नऊ इकडेतिकडे विखुरलेले. उरलेले २८ चार गठ्ठ्यांत, आणि प्रत्येक गठ्ठा बरोबर सातचा. गोंगाट असा मोजून मापून सात-सात खात नाही. हे माझ्याच प्रोग्रॅममधलं काहीतरी होतं.

रविवार धुण्याचा दिवस. मामीला विचारलं, विहिरीचा पंप किती वेळा लावलास? चारदा. पंप घराच्याच मीटरवर. तो सुरू होताना व्होल्टेज क्षणभर बसतं, माझ्या बटणाच्या बोर्डाचा स्वस्त पुरवठा ते सोसत नाही, ईएसपी३२ कमी व्होल्टेज बघून स्वतःला रीसेट करतो. उठतो तेव्हा क्रमांक पुन्हा शून्यापासून. घेणारा म्हणतो, माझ्याकडे तर चौदाशे बारा आलाय, हा शून्य म्हणजे जुना, टाका. दोन मिनिटं काहीच ग्राह्य आलं नाही तरच तो मागचा क्रमांक विसरतो. दोन मिनिटांत, दर १५ सेकंदांनी, सात संदेश.

म्हणजे हाक दोन्ही वाटांनी व्यवस्थित पोचत होती आणि दाराशी मीच तिला परत पाठवत होतो. आजी खरंच पडली असती आणि दोन मिनिटं आधी पंप लागला असता तर? हात गार पडले लिहिताना.

ते २८ वगळले तर हवेतले १३६, वायरीतले ९०, उरलेल्या १९७२ पैकी. गुणाकाराने सहा यायला हवे, आले नऊ. एवढा फरक चालेल. वाटा वेगळ्याच आहेत, पण दोघींचं पाणी एकाच विहिरीतून येत होतं.

२८ जुलै, रविवार

दोन दुरुस्त्या. क्रमांकाच्या आधी आता जन्मक्रमांक लागतो : बोर्ड जितक्या वेळा सुरू झाला तो आकडा, फ्लॅश मेमरीत साठवलेला. जन्म नवा असेल तर संदेश नवाच. आणि घेणारा जे जे टाकतो त्याचीही नोंद ठेवतो, कारणासकट. ही नोंद पहिल्या दिवसापासून ठेवायला हवी होती.

पण एवढ्याने रीसेट थांबत नाही. ते दोन सेकंद बोर्ड मेलेलाच असतो. म्हणून दोन्ही बोर्डांना एकेक लिथियम सेल, संरक्षण सर्किट असलेला. वायरीतून वीज येते ती फक्त सेल भरायला, बोर्ड जगतो सेलवर. मोडेमला लागणारे व्होल्ट छोट्या बूस्टने चढवले, आणि त्या बूस्टचा स्वतःचा गोंगाट मोडेमच्या कानात जाऊ नये म्हणून फिल्टर.

दुपारी वीज गेली. माग थांबले, घर एकदम शांत झालं. सहज बटण दाबलं, आणि दोन्हीकडून पोच. वायरीत वीज नव्हती तरी वायर होतीच, सूर तिच्यावरून गेला. उलट पंख्याची टोचणी नाही, चार्जर नाहीत. अर्ध्या तासात वायरीवरून पाठवलेल्या १२० पैकी एकही गळाला नाही.  हे जमलं याचा मला खरंच आनंद झाला.

११ ऑगस्ट, रविवार

तीच चाचणी पुन्हा. पंप मुद्दाम सहा वेळा लावला. हवेतून गळाले १४९, वायरीतून ८३, दोन्हींतून ७. हिशोबाने सहा. रीसेट एकही नाही.

मग खरी रीत सुरू केली : पोच येईपर्यंत दहा सेकंद पुन्हा पुन्हा पाठवायचं, मधलं अंतर ३०० ते ९०० मिलिसेकंदांत कसंही. दोन हजारात गळालेला एकही नाही. सगळ्यात उशिरा आलेला संदेश तिसऱ्या प्रयत्नात, दोन सेकंदांच्या आत.

२५ ऑगस्ट, रविवार

आठवडाभर आजीकडे बटण आहे आणि तिने ते एकदाही दाबलं नाही. परवा पाणी हवं होतं, तर भिंत धरत स्वतः मडक्यापर्यंत गेली. मी जरा रागावलो. ती म्हणाली, "दिवा लागतोय तिकडं, पण कुणी बघितलं का न्हाई, मला काय कळतंय? उगच वाट बघत बसायचं."

तिचं बरोबर आहे. माझा हिरवा दिवा सांगत होता की बोर्डाने बोर्डाला ऐकलं. तिला हवं होतं माणसाने ऐकल्याचं.

आता बटणावर दोन दिवे आहेत. संदेश शेडपर्यंत पोचला की पिवळा. शेडमध्ये लाल दिव्याखाली मोठं बटण बसवलंय, मागकऱ्याच्या कोपराने दाबता येईल एवढं. मामा किंवा मामीने ते दाबलं की आजीकडे हिरवा, आणि मूठभर थरथर, फोनमधल्या मोटरची, कारण पिवळा-हिरवा तिला नीट ओळखू येत नाही. ही थरथर हातात आली की तिला कळतं, निघालेत. संध्याकाळी तिने पहिल्यांदा दाबून बघितलं. हातात थरथर झाल्यावर बटण तसंच छातीशी धरून बसली, मामी येईपर्यंत.

८ सप्टेंबर, रविवार

काल गणपती बसले. मखराला एलईडीच्या चार माळा. संध्याकाळी सातपासून वायरीची वाट जवळजवळ बंद : दहापैकी सहा गळतात. माळांचे ते छोटे अडॅप्टर माझ्याच पट्ट्यात ओरडत असणार. हवेची वाट मात्र चालू होती, आणि पाहुण्यांच्या येण्याजाण्याने शेडचं दार उघडंच होतं, म्हणून नेहमीपेक्षा बरी. नोंदीत बघितलं तर रात्री आजीने दोनदा बोलावलं, दोन्ही वेळा हवेतून पहिल्याच प्रयत्नात. तिला यातलं काही कळलं नाही, कळायचं कारणही नाही.

मंगळवारी गौरी येतील, माळा आणखी वाढतील. मखराच्या बोर्डाला उद्या चोक लावतो.

१५ सप्टेंबर, रविवार

चोक लावल्यावर माळांसकट वायरीची गळती हजारात ७० वर आली. राहू दे.

बाकी कामं : आठवड्यातून एकदा सेलचं व्होल्टेज आपोआप नोंदवायचं. दर तासाला बटणाच्या बोर्डाने "मी आहे" एवढं दोन्ही वाटांनी सांगायचं, आणि एखाद्या वाटेवरून सलग तीनदा आलं नाही तर शेडमधला छोटा दिवा पिवळा. कुरतडलेली वायर महिनाभर कुणाला कळली नव्हती, ते पुन्हा व्हायला नको.

आजची नोंद : ११:२०, ४:०५, ४:४०, तीन वेळा. पहिल्या वेळी पाणी, दुसऱ्या वेळी चष्मा खाली पडला म्हणून. तिसऱ्या वेळी मामी धावत गेली तर आजी म्हणाली, चहा झालाय, घ्यायला या दोघंबी.